मूल्यांची नोंद आणि निर्णयाचा अधिकार : निसर्गमूल्यांविषयीच्या २०२२ च्या जागतिक अहवालाची चिकित्सा

प्रस्तावना

जैवविविधतेचा प्रश्न दीर्घकाळ प्रामुख्याने जीवशास्त्राचा प्रश्न मानला गेला. प्रजाती किती आहेत, त्यांपैकी किती संकटात आहेत, कोणता अधिवास किती घटला, या माहितीच्या आधारे शासन योग्य निर्णय घेईल, अशी या विचारामागील धारणा होती. २०१९ मध्ये जैवविविधता व परिसंस्था-सेवा यांविषयीच्या आंतरशासकीय मंचाने, म्हणजेच आयपीबीईएसने, सुमारे दहा लाख प्रजाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचे जाहीर केले. माहिती वाढत गेली, परंतु ऱ्हास थांबला नाही. त्यामुळे अभ्यासकांचे लक्ष दुसऱ्या प्रश्नाकडे वळले. निर्णय घेणारे निसर्गाकडे कोणत्या मूल्यदृष्टीने पाहतात आणि त्या निर्णयात कोणाची मूल्ये वगळली जातात, असा तो प्रश्न आहे.

याच मंचाने जुलै २०२२ मध्ये जर्मनीतील बॉन येथे निसर्गाच्या विविध मूल्यांविषयीचा आणि त्यांच्या मूल्यमापनाविषयीचा अहवाल स्वीकारला. या विषयावर पीएच.डी. पदवीसाठी संशोधन करणाऱ्या अभ्यासकांसाठी हा अहवाल आज आधारग्रंथाचे काम करतो. प्रबंधातील संकल्पनात्मक चौकट, मूल्यांचे वर्गीकरण, प्रश्नावलीची रचना या साऱ्यांवर त्याचा ठसा उमटतो. म्हणूनच त्याची चिकित्सा होणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात नियमगिरी, पश्चिम घाट आणि मेंढा (लेखा) या तीन भारतीय उदाहरणांच्या प्रकाशात या अहवालाचे वाचन केले आहे. मूल्यांची विविधता नोंदवल्याने ती निर्णयात उतरतेच असे नाही. ज्यांची ती मूल्ये आहेत त्यांना निर्णयप्रक्रियेत कायदेशीर स्थान असेल, तरच ती टिकतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

अहवालाची मांडणी

८२ तज्ज्ञांनी सुमारे चार वर्षे काम करून सिद्ध केलेला हा अहवाल १३,००० हून अधिक संदर्भांवर आधारलेला आहे. त्यात मूल्यांचे स्तर मांडले आहेत. सर्वांत खोल स्तरावर माणसाची विश्वदृष्टी असते. तिच्यातून न्याय, समृद्धी, आदर यांसारखी व्यापक मूल्ये आकार घेतात. त्यांनंतर एखाद्या विशिष्ट परिस्थितीतील विशिष्ट मूल्ये येतात आणि अखेरीस ती मोजण्याचे निर्देशक येतात. विशिष्ट मूल्यांचे तीन प्रकार केले आहेत. निसर्ग माणसाच्या उपयोगी पडतो म्हणून त्याला असणारे ते साधनमूल्य. माणसाच्या उपयोगाचा विचार न करताही निसर्गाला असणारे ते स्वयंमूल्य. माणूस आणि निसर्ग यांच्यातील नात्यामुळे निर्माण होणारे ते संबंधमूल्य. डोंगर हा बॉक्साइटचा साठा मानला तर त्याला साधनमूल्य असते. तेथील जीवसृष्टीला तिच्या अस्तित्वामुळेच मान दिला तर ते स्वयंमूल्य होय. आणि तोच डोंगर एखाद्या समाजाचा देव व पूर्वज असेल, तर ते संबंधमूल्य ठरते.

याशिवाय निसर्गापासून जगणे, निसर्गात जगणे, निसर्गासोबत जगणे आणि निसर्ग म्हणून जगणे, अशा चार जीवनदृष्टी अहवालाने सांगितल्या आहेत. निसर्गाचे मूल्यमापन करण्याच्या पन्नासहून अधिक पद्धतींचा त्यात आढावा आहे. निसर्गाधारित, कथनाधारित, वर्तनाधारित आणि समावेशक असे या पद्धतींचे चार गट केले आहेत.

अहवालाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे त्याने केलेले आत्मपरीक्षण. तपासलेल्या मूल्यमापन-अभ्यासांपैकी ७४ टक्के अभ्यास साधनमूल्यांवर केंद्रित होते. स्वयंमूल्यांचा विचार २० टक्क्यांनी, तर संबंधमूल्यांचा केवळ ६ टक्क्यांनी केला होता. निष्कर्षांबाबत संबंधित लोकांशी विचारविनिमय केल्याची नोंद अवघ्या २ टक्के अभ्यासांत आढळली. प्रत्येक टप्प्यावर लोकांना सहभागी करून घेणारे अभ्यास तर १ टक्काच होते. आपल्या निष्कर्षांचा धोरणनिर्णयात वापर झाल्याचे सांगणारे प्रसिद्ध अभ्यास ५ टक्क्यांहूनही कमी होते. एका संपूर्ण ज्ञानशाखेने स्वतःच्या परिणामशून्यतेची अशी कबुली देणे दुर्मीळ आहे.

परंतु या कबुलीतून अहवाल काढत असलेला निष्कर्ष पुरेसा ठरत नाही. त्याने बदलासाठी चार कळीच्या जागा सुचवल्या आहेत : निसर्गाच्या विविध मूल्यांना मान्यता देणारे मूल्यमापन करावे, ती मूल्ये निर्णयप्रक्रियेत अंतर्भूत करावीत, धोरणे व नियम बदलावेत आणि सामाजिक उद्दिष्टांना नवी दिशा द्यावी. सत्तेतील विषमतेचा, तसेच प्रक्रियात्मक न्यायाचा उल्लेखही अहवालात आहे, हे नमूद केले पाहिजे. तथापि त्याचा भर मुख्यतः मूल्यांचे वर्गीकरण आणि मोजमापाच्या पद्धती यांवर आहे. निर्णय घेणारी संस्था आधीच ठरलेली आहे आणि तिला अधिक चांगली, अधिक बहुविध माहिती पुरवावयाची आहे, असे त्यात बहुतेक ठिकाणी गृहीत धरलेले दिसते. भारतातील अनुभव या गृहीतकाला छेद देतो.

किंमत, मोल आणि मूल्य

मराठीत या विषयाची चर्चा करताना भाषेतच एक महत्त्वाचा भेद हाती लागतो. बाजारात ठरते ती किंमत. मोल हा शब्द बाजारात आणि बाजाराबाहेर अशा दोन्ही ठिकाणी वावरतो. ‘मोलमजुरी’त तो श्रमाचा मोबदला दर्शवतो, तर ‘मोलाचा सल्ला’ आणि ‘अनमोल’ या प्रयोगांत मोबदल्याची कल्पनाच गळून पडते. मूल्य हा शब्द ‘मूल्यवर्धित कर’ आणि ‘जीवनमूल्ये’ या दोन्ही टोकांना वापरला जातो. परिणामी ‘वनाचे मूल्य’ असा शब्दप्रयोग शासकीय कागदावर आला, की त्याचा अर्थ कोणी कोणता घ्यावा हे कागद ज्या कार्यालयात पोहोचतो त्यावर ठरते.

भारतीय वनप्रशासनात हा अर्थ ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ या संकल्पनेने निश्चित केला. गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये वनजमीन वनेतर कामासाठी वळती करताना हे मूल्य वसूल करण्याचा आदेश दिला. २००५ च्या निकालानंतर कांचन चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने मूल्यनिश्चितीची पद्धत सुचवली. पुढे २८ मार्च २००८ च्या आदेशाने वनाचा प्रकार आणि घनता यांनुसार हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे दर निश्चित झाले. अभयारण्यासाठी त्याच्या पाचपट आणि राष्ट्रीय उद्यानासाठी दहापट रक्कम ठरवण्यात आली. २०२२ मध्ये हे दर वाढवण्यात आले.

या व्यवस्थेचे श्रेय नाकारता येणार नाही. वन म्हणजे केवळ लाकूड, हा वसाहतकालीन हिशेब तिने मोडला. जलसंधारण, कर्बसंचय, चारा, सरपण, गौण वनोपज यांना हिशेबात जागा मिळाली. परंतु तिची कार्यपद्धती लक्षात घेतली पाहिजे. वन वळते करावयाचे, हा निर्णय तत्त्वतः झाल्यानंतर ही रक्कम आकारली जाते. वळतीकरण व्हावे की होऊ नये, या प्रश्नाचे उत्तर ती देत नाही. ते झाल्यावर किती भरावयाचे, एवढेच ती सांगते. मूल्य येथे निर्णयाचा आधार राहत नाही, निर्णयानंतरचे देयक बनते. अहवालातील शब्दांत सांगावयाचे तर साधनमूल्याची मोजणी अधिक काटेकोर झाली, परंतु निर्णयाची जागा जिथल्या तिथेच राहिली.

नियमगिरी : एक डोंगर, दोन आदेश

ओडिशातील नियमगिरीचे प्रकरण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे, कारण तेथे एकाच डोंगराविषयी एकाच न्यायालयाने पाच वर्षांच्या अंतराने दोन भिन्न स्वरूपाचे आदेश दिले. कालाहंडी आणि रायगडा या जिल्ह्यांच्या सीमेवरील या डोंगररांगेत डोंगरिया कोंध समाज राहतो. नियमराजा हा या समाजाचा देव. डोंगराचा माथा हे त्याचे स्थान. त्याच माथ्याखाली बॉक्साइटचा साठा आहे. पायथ्याशी लांजीगढ येथील वेदांत समूहाच्या अ‍ॅल्युमिना शुद्धीकरण कारखान्यासाठी तेथे खाणकाम करण्याचा आणि त्यासाठी सुमारे ६६० हेक्टर वनजमीन वळती करण्याचा प्रस्ताव होता.

८ ऑगस्ट २००८ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पाला सशर्त मान्यता दिली. निव्वळ वर्तमान मूल्याचा भरणा, वन्यजीव व्यवस्थापनासाठी निधी आणि स्थानिक विकासासाठी प्रकल्पाच्या करपूर्व वार्षिक नफ्याच्या ५ टक्के किंवा १० कोटी रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती देणे, अशा अटी त्यात होत्या. पर्यावरण आणि विकास यांचा समतोल, ही या आदेशामागील भूमिका होती. हा समतोल रुपयांत मांडलेला होता. डोंगर, वन्यजीव आणि आदिवासी समाज या तिघांसाठी तीन रकमा ठरल्या. ज्या मूल्याची रक्कम होऊ शकत नव्हती, त्याला या मांडणीत रकानाच नव्हता.

त्यानंतर परिस्थिती बदलली. वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम २००८ पासून लागू झाले. ऑगस्ट २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने परिपत्रक काढून वनजमीन वळती करण्यापूर्वी वनहक्कांची निश्चिती व ग्रामसभेची संमती आवश्यक ठरवली. ऑगस्ट २०१० मध्ये सक्सेना समितीच्या अहवालानंतर मंत्रालयाने खाणप्रकल्पाची वनमंजुरी नाकारली. तो वाद पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला. १८ एप्रिल २०१३ च्या निकालात न्यायालयाने धार्मिक व सांस्कृतिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला. खाणकामामुळे नियमराजाच्या पूजेच्या हक्कावर परिणाम होईल का, हे ग्रामसभांनी ठरवावयाचे होते. या सभांना जिल्हा न्यायाधीश दर्जाच्या अधिकाऱ्याने निरीक्षक म्हणून उपस्थित राहावे, असेही सांगितले गेले. जुलै-ऑगस्ट २०१३ मध्ये बारा ग्रामसभा झाल्या. बाराही सभांनी खाणीला नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये मंत्रालयाने अंतिमतः मंजुरी नाकारली. २०१६ मध्ये ग्रामसभा पुन्हा घेण्याची मागणीही सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही.

२००८ ते २०१३ या काळात डोंगरिया कोंधांची विश्वदृष्टी बदललेली नव्हती. नियमराजावरील श्रद्धा २००८ मध्येही तेवढीच होती. तिच्याविषयीची माहितीही उपलब्ध होती. मूल्यमापनाची एखादी नवी पद्धत शोधली गेल्याने निकाल बदलला, असेही घडले नाही. बदलली ती प्रक्रिया. संबंधमूल्य बाळगणाऱ्या समाजाला ते स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या गावात, कायद्याच्या आधारे उच्चारण्याची आणि त्या उच्चाराला निर्णयात वजन मिळण्याची सोय झाली. कुवी भाषेतील कथन इंग्रजीतील आदेशापर्यंत पोहोचले, ते सर्वेक्षणातील उत्तर म्हणून पोहोचले नाही, तर ठरावाच्या रूपाने पोहोचले. उत्तर आणि ठराव यांतील हा फरक मूल्यांच्या कोणत्याही वर्गीकरणात दिसत नाही.

अर्थात या उदाहरणाचे उदात्तीकरण करणे योग्य नव्हे. बारा गावांची निवड राज्य शासनाने केली होती आणि डोंगररांगेतील इतर अनेक वस्त्या त्या प्रक्रियेबाहेर राहिल्या. अंतिम निर्णयही मंत्रालयाच्याच हाती ठेवलेला होता. तरीही निर्णयाच्या साखळीत ग्रामसभेची कडी अपरिहार्य ठरल्यामुळेच निकाल बदलला, हे नाकारता येत नाही.

पश्चिम घाट : नोंदवलेली, पण न टिकलेली मूल्ये

नियमगिरीत प्रश्न एका डोंगराचा होता. पश्चिम घाटात तो सहा राज्यांत पसरलेल्या पर्वतरांगेचा होता आणि तेथे घडलेला क्रम उलटा आहे. मार्च २०१० मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसरशास्त्र तज्ज्ञ गट नेमण्यात आला. ३१ ऑगस्ट २०११ रोजी त्याने अहवाल सादर केला. तो मे २०१२ मध्ये जनतेसाठी खुला झाला. संपूर्ण पश्चिम घाट संवेदनशील मानून त्याचे तीन श्रेणींत विभाजन या गटाने सुचवले. तथापि या श्रेणी व त्यांतील निर्बंध हा अंतिम शब्द नव्हता. त्यांवर ग्रामसभांमध्ये चर्चा व्हावी, त्यासाठी अहवाल स्थानिक भाषांत उपलब्ध करावा आणि खालून वर येणाऱ्या निर्णयांतून सीमा ठराव्यात, हा गाडगीळ यांचा सातत्याचा आग्रह होता. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पंचवीस ग्रामसभांनी आपले गाव पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील घोषित करावे, असे ठराव केल्याची नोंद या अहवालात आहे.

ऑगस्ट २०१२ मध्ये के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय कार्यगट नेमला गेला आणि एप्रिल २०१३ मध्ये त्याचा अहवाल आला. उपग्रहप्रतिमांच्या आधारे या गटाने ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’ असे भूप्रदेशाचे दोन भाग केले. शेती, वस्ती व लागवडीचा भाग सांस्कृतिक ठरवून तो बहुतांशी वगळला आणि सुमारे ६०,००० चौरस किलोमीटर क्षेत्र, म्हणजे पश्चिम घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग, संवेदनशील म्हणून सुचवला. मूल्यांच्या दृष्टीने ही विभागणी विचारात घेण्याजोगी आहे. कोकणातील देवराई किंवा देवरहाटी ही नैसर्गिक की सांस्कृतिक? ती वन आहे, कारण तेथे जुनी झाडे, वेली आणि पाण्याचे झरे आहेत. ती संस्कृतीही आहे, कारण देवाला कौल लावल्यावाचून तेथील झाड तोडावयाचे नाही, या रीतीने ती टिकली. गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात देवरायांचा जो अभ्यास केला, त्याचा मथितार्थच हा होता की श्रद्धेने घातलेल्या बंधनाने वन राखले. उपग्रहप्रतिमेला झाडाची छाया दिसते, कौल दिसत नाही.

मे २०१३ मध्ये गाडगीळ यांनी कस्तुरीरंगन यांना लिहिलेल्या खुल्या पत्रात स्थानिक लोकांना निर्णयप्रक्रियेतून दूर ठेवण्यावर तीव्र आक्षेप घेतला. या दोन अहवालांतील वाद सामान्यतः क्षेत्रफळाचा वाद म्हणून मांडला जातो. वस्तुतः तो निर्णयाधिकाराचा वाद होता. सिंधुदुर्गातील ग्रामसभांच्या ठरावांना नियमगिरीच्या ठरावांसारखे कायदेशीर वजन नव्हते. ते एका अहवालात नोंदले गेले आणि दुसऱ्या अहवालात त्यांचे अस्तित्व उरले नाही. दोडामार्ग तालुका नव्या सीमांकनातून वगळला गेला. ज्या मूल्यांची नोंद लोकांनी स्वतः केली होती, ती पुन्हा विचारात घेण्यासाठी न्यायालयीन लढा द्यावा लागला. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील पंचवीस गावे संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याविषयी निर्देश दिले. दरम्यान केंद्र शासनाने मार्च २०१४ पासून संपूर्ण घाटासाठी एकामागून एक मसुदा अधिसूचना काढल्या. ३१ जुलै २०२४ रोजीची अधिसूचना सहावी होती आणि तिच्यात ५६,८२५.७ चौरस किलोमीटर क्षेत्र समाविष्ट होते.

याची दुसरी बाजूही आहे. केरळमध्ये नोव्हेंबर २०१३ मध्ये या शिफारशींविरुद्ध उग्र आंदोलन झाले. महाराष्ट्रातही अनेक गावांनी संवेदनशील क्षेत्रास विरोध केला. घर बांधता येणार नाही, शेती बंद होईल, वनखात्याचा जाच वाढेल, अशी भीती त्यामागे होती. तिच्यात अपप्रचाराचा वाटा होता. पण लोकांना न विचारता आखलेल्या रेषेविषयीचा अविश्वासही होता. संरक्षणाचा निर्णय वरून आला की संरक्षित मूल्यही परके वाटू लागते.

मेंढा (लेखा) : अभ्यास आणि निर्णय यांची सांगड

विदर्भातील एक गाव या चर्चेत वेगळी दिशा दाखवते. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक वनहक्क मिळवला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे येण्यासाठी एप्रिल २०११ उजाडावे लागले. कागदावरील हक्क आणि वापरातील हक्क यांतील अंतर या एका परवान्याने स्पष्ट केले.

देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावांशी निगडित असलेल्या या प्रयोगातील दोन गोष्टी मूल्यविचाराच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत. बहुमताने निर्णय झाला की अल्पमतातील मूल्य हरते. सर्वसहमतीत ते ऐकून घेईपर्यंत निर्णय थांबतो. दुसरी म्हणजे अभ्यासगट. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून विषय समजून घेतात. तेथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभाच घेते. तज्ज्ञाचे ज्ञान आणि लोकांचा अधिकार यांच्यात येथे स्पष्ट सीमा आहे. बांबूपासून उत्पन्न हवे, हे साधनमूल्य या गावाने नाकारलेले नाही. उपजीविका, गावाचा स्वाभिमान आणि वनाशी असलेले नाते ही मूल्ये येथे एकाच सभेत एकमेकांसमोर येतात. अहवालाने ज्यांना समावेशक मूल्यमापन म्हटले आहे, ते या गावात वेगळे नाव न घेता चालते. फरक एवढाच की येथे मूल्यमापन करणारे आणि निर्णय घेणारे लोक एकच आहेत.

मर्यादा आणि आक्षेप

या विवेचनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. स्थानिक निर्णयाधिकार म्हणजे आपोआप संवर्धन, असे समीकरण मांडता येते का? तसे मांडता येत नाही. महाराष्ट्रातील अनेक देवरायांत देवळाच्या जीर्णोद्धारासाठी गावानेच झाडे तोडली आणि कौलारू देवळाच्या जागी सिमेंटचे देऊळ उभे राहिले. देवावरील श्रद्धा तेथे वाढली असेल, पण राईशी असलेले तिचे नाते सुटले. काही देवरायांत स्त्रियांना प्रवेश नाही. गावातील जात आणि जमीनधारणा यांनुसार सभेत कोणाचा आवाज ऐकला जाईल हे ठरते. वनहक्क नियमांत २०१२ मध्ये दुरुस्ती करून ग्रामसभेसाठी किमान निम्म्या सदस्यांची आणि उपस्थितांत किमान एक तृतीयांश स्त्रियांची अट घालावी लागली, यातच या प्रश्नाची कबुली आहे.

म्हणून निर्णयाधिकार ही विविध मूल्ये टिकण्यासाठी आवश्यक अट आहे, पुरेशी अट नव्हे. या अटीशिवाय केलेली नोंद मात्र लवकरच औपचारिकता बनते. लोकजैवविविधता नोंदवह्यांचा अनुभव हेच सांगतो. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समितीची तरतूद केली आणि लोकांच्या ज्ञानाची नोंदवही तयार करण्याचे काम तिच्याकडे आले. मूळ कल्पना लोकांनी लोकांसाठी करावयाच्या अभ्यासाची होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून त्यानंतर दंडाची तरतूद केल्यावर अनेक ठिकाणी नोंदवही हे मुदतीत पूर्ण करावयाचे प्रपत्र झाले. रकाने भरले गेले. परंतु खाण, रस्ता किंवा धरण यांच्या मंजुरीच्या वेळी ती नोंदवही उघडणे कोणावरही बंधनकारक नव्हते.

याच काळात निर्णयाची कडीही सैल होत गेली. २०२२ च्या वन (संवर्धन) नियमांनी वनहक्कांच्या पूर्ततेची जबाबदारी केंद्राच्या मंजुरीनंतरच्या टप्प्यावर राज्य शासनांकडे सोपवली. संमतीचे तत्त्व शब्दशः रद्द झाले नाही, परंतु तिचा क्रम बदलला. मंजुरीआधी विचारलेला प्रश्न आणि मंजुरीनंतर विचारलेला प्रश्न यांचे शब्द सारखे असले, तरी त्यांचे वजन सारखे नसते. मूल्यविषयक जागतिक अहवाल आणि हे नियम एकाच वर्षी, अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने आले, हा योगायोग बोलका आहे.

संशोधनापुढील कार्य

डिसेंबर २०२२ मधील कुनमिंग-माँट्रियल जागतिक जैवविविधता आराखड्याच्या चौदाव्या लक्ष्यात जैवविविधतेची बहुविध मूल्ये सर्व स्तरांवरील धोरणांत व नियोजनात अंतर्भूत करण्याचे उद्दिष्ट आहे. त्यामुळे या विषयावरील प्रबंधांची संख्या वाढणे स्वाभाविक आहे. मात्र या प्रबंधांनी मूल्यांची आणखी एक यादी तयार करून थांबू नये. सर्वेक्षणात गावकऱ्याने देवराईला पाचपैकी पाच गुण दिले, एवढ्या निष्कर्षाने ती राई वाचण्याची शक्यता वाढत नाही.

अशा संशोधनाने किमान तीन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. पहिला, उच्चारलेल्या मूल्याचा प्रवास कसा झाला? सभेतील बोलणे इतिवृत्तात कसे उतरले, इतिवृत्तातून प्रस्तावात काय गेले, प्रस्तावातून आदेशात काय उरले, हे कागदोपत्री तपासता येते. दुसरा, हा प्रवास कोणत्या भाषांतून झाला आणि प्रत्येक भाषांतरात काय गळाले? गोंडीतील शब्द मराठीत आणि मराठीतील शब्द इंग्रजीत जाताना देव ‘श्रद्धास्थान’ होतो आणि श्रद्धास्थान ‘सांस्कृतिक सेवा’ होते. तिसरा, ज्या टप्प्यावर मूल्य गळाले तेथे ते रोखण्याचा अधिकार कोणाकडे होता? या तिसऱ्या प्रश्नासाठी परिसरशास्त्र आणि अर्थशास्त्र पुरेसे नाही. कायदा, भाषाशास्त्र, मानववंशशास्त्र आणि लोकप्रशासन यांची जोड त्याला लागते.

याचबरोबर संशोधकाने स्वतःच्या स्थानाचाही विचार करावयास हवा. १ टक्का अभ्यासांतच लोकांचा पूर्ण सहभाग असल्याचे जागतिक अहवाल सांगतो. गावात जाऊन माहिती घ्यावयाची आणि प्रबंध गावाला न समजणाऱ्या भाषेत विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवावयाचा, ही रीत चालू राहिली तर विविध मूल्यांवरील संशोधनही एका अर्थाने वनोपज गोळा करण्यासारखेच होईल. मेंढ्यातील अभ्यासगटाने दाखवलेली मर्यादा येथे मार्गदर्शक आहे : जाणकाराने अभ्यासात सहभागी व्हावे, निर्णय मात्र ज्यांचा आहे त्यांच्याकडेच राहू द्यावा.

समारोप

२०२२ च्या अहवालाने निसर्गमूल्यांच्या चर्चेला व्यापक शब्दसंपदा दिली आणि साधनमूल्यांच्या एकाधिकाराला पुराव्यानिशी आव्हान दिले, हे त्याचे योगदान निर्विवाद आहे. त्याची उणीव अशी की मूल्य निर्णयापर्यंत का पोहोचत नाही, याचे उत्तर त्याने प्रामुख्याने ज्ञानाच्या अपुरेपणात शोधले. नियमगिरीत ज्ञान तेच असताना अधिकार बदलला आणि निर्णय बदलला. पश्चिम घाटात ज्ञान विपुल असताना अधिकार मिळाला नाही आणि निर्णय रखडला. मेंढ्यात ज्ञान व अधिकार एकाच सभेत आले आणि निर्णय गावाचा झाला. या तीन उदाहरणांवरून असे म्हणता येईल की जैवविविधतेविषयीच्या निर्णयांत मूल्यांची विविधता आणावयाची असेल, तर मोजण्याच्या पद्धतीइतकेच लक्ष विचारण्याच्या वेळेकडे आणि नाकारण्याच्या हक्काकडे द्यावे लागेल. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या होकाराची नोंद कितीही सविस्तर घेतली, तरी तिला संमती म्हणता येणार नाही.